शिकारी पक्ष्यांसाठी जोडीने काम करायचे असेल तर

राजारामपुरीत राहणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही पन्नाशीत आहेत, मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून रविवार मोकळा असतो, आणि इंग्लंडमधल्या शिकारी पक्ष्यांच्या संवर्धन केंद्रांत पती-पत्नी जोडीने स्वयंसेवक म्हणून काम करतात हे पाहिल्यापासून आपणही कोल्हापुरात असे काही करावे असे दोघांच्या मनात आले आहे. असे काम इथे आहे का, दोघांना एकत्र मिळेल का, त्यात धोका किती, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरुवात केली तर चालेल का, अशी त्यांची विचारणा आहे. मी आणि माझे यजमान गेली सतरा वर्षे जखमी घारी, शिक्रे आणि घुबडे यांच्या शुश्रूषेत मदत करीत आलो आहोत. मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवीत होते आणि यजमान वीजवाहिन्यांच्या कामावर होते, त्यामुळे आम्हीही तुमच्यासारखेच बाहेरून आलेले.

प्रथम त्या परदेशी छायाचित्राविषयी. हातात जाड चामडी मोजा, त्यावर ऐटीत बसलेला ससाणा आणि शेजारी हसणारे दांपत्य हे दृश्य तिथे खरेच असते, कारण तिथल्या केंद्रांत लोकांसमोर उडवले जाणारे पक्षी बहुधा बंदिवासातच जन्मलेले असतात, ते कायदेशीररीत्या पाळता येतात आणि त्यांच्या प्रात्यक्षिकांतून संवर्धनासाठी पैसा उभा राहतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिलेले आहे, आणि जखमी पक्षी केवळ दयेपोटी का होईना, पण वन विभागाला न कळवता घरी ठेवणे हादेखील गुन्हा ठरतो. म्हणून इथले काम वन विभागाच्या संमतीने चालणाऱ्या उपचार केंद्रात किंवा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थेतच करायचे असते. कोठे जागा आहे हे विभागीय वन कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. पक्षी सापडला तर १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवावे. हातावर ससाणा घेऊन छायाचित्र काढण्याची हौस मात्र याच टप्प्यावर सोडून द्यावी लागेल. आमच्याकडे येणारा प्रत्येक पक्षी रानचा असतो आणि त्याला परत जायचे असते, त्यामुळे एखादी घार आपल्याला ओळखू लागली, आपण दिसताच तोंड उघडून ओरडू लागली, तर ते आमच्या लेखी कौतुकाचे नसून कामातली चूक झाल्याचे लक्षण असते.

येणाऱ्या पक्ष्यांत घारी सर्वांत जास्त. त्यानंतर गव्हाणी घुबडे, पिंगळे, शिक्रे, अधूनमधून कापशी किंवा ब्राह्मणी घार, आणि पन्हाळा-राधानगरीच्या बाजूने क्वचित एखादा सर्पगरुड. पतंगाचा मांजा हे घारीचे मोठे दुखणे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तरी झाडांच्या शेंड्यांत वर्षानुवर्षे अडकून राहिलेला दोरा बंदी वाचत नाही. तो पंखाच्या पुढच्या कडेला असलेल्या पातळ कातडीत रुततो, आणि ती कातडी ताणलेली राहिली नाही तर पंख पूर्ण उघडत नाही. दुसरे कारण विजेच्या तारा, तिसरे विहिरी, चौथे एप्रिल-मेचे ऊन, ज्यात घारींची वाढती पिल्ले तहानेने व्याकूळ होऊन घरट्यातून खाली येतात. उसाच्या पट्ट्यात आणखी एक कारण आहे, उंदरांचे औषध. गव्हाणी घुबड गोदामांच्या आणि गुऱ्हाळांच्या आसऱ्याने राहते, विष खाऊन सुस्तावलेला उंदीर त्याला सहज मिळतो, आणि मग विष उंदरावरच थांबत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. दोघांना एकत्र काम मिळते. किंबहुना उपचारांच्या वेळी दोन माणसे लागतातच. परंतु जोडीने काम करणे म्हणजे दोघांनी एकाच पिंजऱ्यापाशी उभे राहणे नव्हे, आणि ही गोष्ट समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलत बोलत काम करण्याची सवय असते. घरात भाजी निवडताना, कपाट आवरताना आपण जे अखंड पुटपुटत असतो, कधी एकमेकांना दटावत असतो, ते पक्ष्याच्या कानाला दोन मोठे प्राणी आपल्या अंगावर येऊन गुरगुरत असल्यासारखे वाटत असावे. घार ते सोसते. शिक्रा सोसत नाही. तो जाळीवर आपटून शेपटीची पिसे मोडून घेतो आणि मग केवळ त्या पिसांसाठी त्याला काही महिने अधिक अडकून पडावे लागते. म्हणूनच शिक्र्याच्या पिंजऱ्याला चारही बाजूंनी चटई किंवा कापड लावतात आणि शेपटीला जुन्या क्ष-किरण फिल्मचे पातळ आवरण चिकटवतात. आमच्याकडे आत शिरताच बोलणे बंद हा नियम आहे. कोणी काय धरायचे, कोणी काय पुढे करायचे हे दाराबाहेर ठरवून घ्यायचे, आत फक्त खुणा. काचेच्या बांगड्यांची किणकिण, गळ्यात लोंबणारे दागिने, मोगऱ्याचा गजरा, अत्तर, मोबाइलची घंटी हे सगळे बाहेर ठेवावे लागते. हे ऐकून ताई, तुम्हाला वाईट वाटेल, पण पहिल्या दिवशी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या वर सरकवून मी त्यांना रुमालाने बांधून ठेवले होते, आणि त्या दिवसापासून केंद्रावर येताना मी त्या घालतच नाही.

वजन करणे हे जोडीने करायचे सर्वांत चांगले काम. ते कसे होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. यजमान अंगावर टॉवेल टाकून घारीला मागून वेढतात आणि दोन्ही पाय गुडघ्याच्या वर, मधले बोट पायांच्या मध्ये ठेवून, एकाच मुठीत धरतात. चोचीची भीती नवख्यांना वाटते, पण खरे हत्यार पंजे. एकदा नखी रुतली की पाय आवळला जातो, आणि तो सोडवायला दुसऱ्या माणसाने हळूच पाय सरळ करावा लागतो. धरलेल्या घारीचे डोके कापडाने झाकले की ती बरीचशी शांत होते. मग तिला कापडी पिशवीत ठेवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आम्ही ठेवतो, मी आकडा वाचून वहीत लिहिते, आणि पिशवीचे वजन वजा करते. निरोगी घार साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम भरते. शिक्रा तर दीडशेच्या आसपासच. पण आकड्याइतकेच महत्त्वाचे असते छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवून पाहणे. हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर पक्षी उपाशी आहे, दोन्ही बाजूंनी मांस भरलेले असेल तर ठीक. वही मी लिहायची, पक्षी त्यांनी धरायचा ही आमची वाटणी ठरली ती कौशल्यामुळे नव्हे, तर माझ्या हाताला पकड कमी आणि त्यांना अक्षर वाईट म्हणून. तुमच्यातही असे काही असेल तर त्यावरूनच वाटणी करा. पुरुषाने धरायचे आणि बाईने लिहायचे असा काही दंडक नाही. सर्पगरुड हाताळताना मात्र सुरुवातीला कोणीच धरू नये, शिकलेल्या माणसालाच धरू द्यावे.

यानंतर जे सांगायचे ते माझ्याच चुकीचे आहे. काम सुरू केल्यावर पहिल्या उन्हाळ्यात घारीचे एक पिल्लू आले, अंगावर कोवळी पिसे, भूक जबरदस्त. मी रोज ब्रॉयलर कोंबडीच्या छातीचे मांस बारीक कापून, आपल्या मुलाला भरवावे तसे, चिमट्याने भरवत राहिले. हाडाची किरकिर नको, घशात अडकेल, या मायेने एकही हाड त्यात येऊ दिले नाही. तीन आठवड्यांनी पिल्लू अंगाने मोठे झाले, पण उभे राहताना त्याचे पाय बाहेर फाकू लागले, एक मांडी वाकलेली दिसू लागली. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे वाढत्या हाडाला चुना मिळत नाही. त्या पिल्लाच्या पायात बळ कधीच आले नाही आणि त्याला सोडताही आले नाही. आज आमच्याकडे पिल्लांना हाडासकट बारीक केलेले मांस, कोंबडीच्या माना, आणि मिळतील तेव्हा अख्खे उंदीर किंवा कोंबडीची एक दिवसाची पिल्ले दिली जातात. शिकारी पक्षी हाडे, केस आणि पिसे यांचे न पचलेले अवशेष गोळ्याच्या रूपात पुन्हा तोंडावाटे टाकतो. तो गोळा सकाळी पिंजऱ्यात सापडला का, कसा होता, हे पाहणे हीदेखील नोंदीची गोष्ट आहे. नव्या दांपत्यातील एकाने आहाराची सर्व जबाबदारी आपल्याकडे घ्यावी आणि दुसऱ्याने लाडाने काही अधिक घालू नये, असे मी आग्रहाने सांगते. आमच्या घरी त्यावर भांडण झाले आहे.

दररोजचे काम म्हणाल तर साफसफाईच अधिक. बसण्याचे दांडे गुळगुळीत असतील तर पक्ष्याच्या तळपायाला सूज येते, गाठ होते आणि ती चिघळल्यावर सुटका कठीण, म्हणून त्यावर काथ्याची दोरी गुंडाळतात, ती मळली की बदलावी लागते. विष्ठा ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी झाडायची नाही, कारण तिची धूळ श्वासात जाते. फिनेलचा उग्र वास पक्ष्यांच्या नाजूक श्वसनाला सोसत नाही, त्यामुळे स्वच्छतेसाठी केंद्र सांगेल तेच वापरावे. रविवारचे तीन तास यातच जातात आणि पक्षी हातात येण्याची वेळ कदाचित महिन्याभरात एकदाच येते. नव्याचे नऊ दिवस संपले की येणे थांबवणारे लोक बहुधा याच ठिकाणी गळतात.

जोडीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट केंद्राच्या बाजूने सांगते. एकटा स्वयंसेवक आजारी पडला तर एक जागा रिकामी होते. दांपत्य असेल तर एकाच वेळी दोन. मुलीच्या लग्नाला, जोतिबाच्या यात्रेला, गावाकडच्या पूजेला तुम्ही दोघे एकाच दिवशी जाणार, आणि नेमका तो दिवस मे महिन्यातला भरगच्च असतो. म्हणून सुरुवातीपासूनच दोन वेगळे वार सांगून ठेवा, म्हणजे एक जोडीचा आणि एक एकट्याचा. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंचगंगेचे पाणी चढू लागले तेव्हा आमच्या घरातली माणसे सुरक्षित ठिकाणी पोहोचवणे आणि पिंजरे वर हलवणे ही दोन कामे एकाच वेळी आली, आणि आमच्यापैकी एकच जण केंद्रावर जाऊ शकत होता. त्या रात्री कोणी कुठे जायचे हे आधी ठरलेले नसते तर आम्ही दोघे उंबऱ्यातच वाद घालीत राहिलो असतो.

आणखी एक बाब आधी बोलून घ्यावी. काही पक्षी वाचत नाहीत, आणि काही वाचले तरी त्यांना पुन्हा कधीच उडता येणार नसते. पंखाचा सांधाच मांज्याने तुटला असेल, हाड उघडे पडून सुकले असेल, तर तो निर्णय पशुवैद्य आणि वन विभाग घेतात, पण त्या क्षणी पक्ष्याला तुम्ही धरलेले असू शकते. यजमानांनी एकदा अशा घारीला दोन महिने सांभाळले होते आणि तिला वेदनामुक्त करण्याचे ठरल्यावर ते तीन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, कारण माझे मत डॉक्टरांसारखे होते. पक्ष्यावर जीव जडणे चुकीचे नाही, पण तुम्हा दोघांची सहनशक्ती सारखी असेल असे गृहीत धरू नका. ज्याला जमत नाही त्याने त्या दिवशी नोंदवही आणि स्वयंपाकघर सांभाळावे, आणि दुसऱ्याने त्याला त्यावरून टोमणा मारू नये.

धोक्याविषयी तुमच्या यजमानांनी वेगळे विचारले आहे. नखीचा ओरखडा, त्यातून होणारा संसर्ग आणि पिंजऱ्यातली धूळ हे रोजचे धोके. म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन, वेल्डिंगचे चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, बूट आणि मास्क. चष्मा असेल तर उत्तम, नसेल तर साधा संरक्षक चष्मा घ्या, कारण घाबरलेला पक्षी धरताना तोंडाजवळ झेप घेतो. २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला तेव्हा आम्हीही अधिक सावध झालो, कारण घार मेलेली कोंबडी सर्वांआधी शोधते. अशा काळात केंद्र स्वयंसेवकांना येऊ नका म्हणाले तर मनाला लावून घेऊ नये. मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच या. आणि केंद्रातून घरी जाताना कपडे बदला. तुमच्या घरी पोपट किंवा कबुतरे असतील तर ते पहिल्याच दिवशी सांगा, कारण रोग दोन्हीकडून जातो.

तुम्हा दोघांनाही पिंजऱ्यापेक्षा बाहेरचे काम अधिक आवडेल असे मला तुमच्या पत्रावरून वाटते, म्हणून तिकडेही वळते. घुबडाचे घर असलेल्या वाड्यात, शाळेत किंवा गोदामात जाऊन लोकांशी बोलणे हे दांपत्याला एकट्या माणसापेक्षा सोपे जाते. बाई माजघरात बसते, पुरुष ओसरीवर. आपल्याकडे घुबडाला दगड मारला तर ते दगड उचलून पाण्यात टाकते आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो, अशी समजूत आहे. मी तिच्याविरुद्ध फारसे बोलत नाही, कारण तिनेच कित्येक घुबडे वाचवली आहेत. बोलावे लागते ते उलट्या समजुतीविरुद्ध, म्हणजे घुबड दिसले म्हणजे घरात कोणी जाणार, या भीतीने घरटे मोडणाऱ्यांशी. अशा वेळी उंदीर आणि धान्य यांच्या हिशोबाने बोलावे. शेतकऱ्यांना पक्षीथांबे, म्हणजे शेतात रोवलेले टी आकाराचे लाकूड, ही कल्पना माहीत आहेच. त्यावर रात्री घुबड आणि दिवसा कापशी बसते, आणि उंदरांचे काम औषधाशिवाय बरेच कमी होते.

दुसरे काम गिधाडांविषयी आहे, आणि कोल्हापूरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात ते फार जवळचे आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली, लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी. याचे कारण शोधताना असे आढळले की जनावराला वेदनेसाठी दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या शरीरात राहते, गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. जनावरांसाठी ते २००६ साली बंद झाले, पण माणसांसाठी येणाऱ्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात राहिल्यामुळे २०१५ साली त्यांवरही मर्यादा आली, आणि २०२३ साली अॅसिक्लोफेनॅक व केटोप्रोफेन यांच्यावर जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले औषध आहे. शिक्षिका म्हणून तुम्ही हे विद्यार्थ्यांमार्फत घरोघरच्या गोठ्यांपर्यंत पोहोचवू शकाल, आणि बँकेतले तुमचे यजमान पशुपालकांशी रोज बोलतच असतात. मात्र औषध तुम्ही सुचवायचे नाही. डॉक्टरांनी काय दिले ते विचारायचे आणि यादी त्यांच्याकडे न्यायची, इतकेच.

दसऱ्याचा मुहूर्त चांगला आहे. त्यावेळी थंडीत येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी माळरानांवर दिसू लागतात, केंद्रावर गर्दी कमी असते आणि तुम्हाला शिकायला वेळ मिळेल. मांज्याचे पक्षी आणि उन्हाळ्यातली पिल्ले हे दोन जोराचे टप्पे मग तुम्ही शिकलेले असताना येतील. तोपर्यंत रंकाळ्याच्या काठी किंवा विद्यापीठाच्या आवारात दोघांनी सकाळी दुर्बीण घेऊन घार आणि शिक्रा यांची उडण्याची तऱ्हा वेगळी ओळखायला शिकावे. घारीची शेपटी खाचेची असते आणि ती सतत वळवते, शिक्रा दोन-तीन वेळा झपझप पंख मारून तरंगतो. वाटेत एखादा जखमी पक्षी दिसलाच तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. दूध, भात, चपाती काहीही घालू नका. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून, झाकण बंद करून, अंधारात आणि शांत जागी ठेवा आणि फोन करा. एक जण खोके धरील, दुसरा गाडी चालवील. रेडिओ बंद ठेवा.